कॅन्सरमध्ये मनाला आधार: समुपदेशक की आधारगट?

समुपदेशकासमोर संकोच कमी होतो. मृत्यूची भीती, शरीरसंबंधांतली अडचण, घरच्यांवरचा राग हे चारचौघांत बाहेर पडत नाही. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी इथंच जावं. गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषधंही देतात. काही रुग्णालयांत ० ते १० च्या पट्टीवर मनाचा ताण विचारतात, आणि ४ किंवा जास्त आकडा आला की पुढची चौकशी करतात. कृपा करून हा आकडा कमी करून सांगू नका.

आधारगट म्हणजे हाच आजार झालेल्यांचा एकमेकांना धीर देणारा गट. त्याची ताकद वेगळी. केस गळल्यावर लोकांत कसं वावरायचं, कामावर कुणाला किती सांगायचं, हे त्यातून गेलेली माणसंच नेमकं सांगतात. १९८९ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात, स्तनांचा कॅन्सर पसरलेल्या आणि गटात जाणाऱ्या स्त्रिया जास्त जगल्याचं दिसलं होतं. २००१ च्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली. माझ्या मते एवढ्यासाठीही गटात जावं. आणि आजार बळावला, तर तो रुग्णाचं मन कमी पडलं म्हणून, असं कुणी म्हणू नये.

गटातलं कुणी गेलं तर धक्का मोठा बसतो. म्हणून निदानानंतरचे पहिले दिवस समुपदेशकाकडे, थोडं सावरल्यावर गटात, हा क्रम मला बरा वाटतो. दोन्ही एकत्रही चालतं. उपचार सोडून भलतंसलतं सुचवणाऱ्या गटातून मात्र लगेच बाहेर पडावं.