नेब्युलायझर कोणता घ्यावा: कंप्रेसरचा की मेशचा?

निपाणीकडची तंबाखूची धूळ असो की खानापूरच्या जंगलपट्ट्यातला पावसाळी ओलावा, डॉक्टरांनी ‘घरी नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून श्वासातून देणारं यंत्र, ठेवा’ म्हटलं की मेडिकलवाला दोन खोकी पुढ्यात ठेवतो. एक कंप्रेसरचा: जड, घरघरणारा. दुसरा मेशचा, म्हणजे बारीक जाळीचा: मुठीत मावणारा, आवाज जवळपास नाहीच. किमतीआधी आत काय चालतं ते बघा.

कंप्रेसरवाल्यात हवा बारीक भोकातून जोरात सुटते आणि वेग वाढला तिथं दाब उतरतो. बर्नुलींनी हा संबंध 1738 मध्ये मांडला. त्या कमी दाबामुळं कपातलं औषध एका छोट्या सुट्या नळीतून वर ओढलं जातं आणि झोतात फुटून त्याचं धुकं होतं. मोठे थेंब आतल्या अडथळ्यावर आपटून परत कपात पडतात. साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे कण छातीत पोचतात. कपातली ती नळी धुताना मोरीत वाहून गेली, की मशीन कितीही घरघरू दे, धुकं येत नाही. भोकात औषध वाळून बसलं तरी तेच. लोक मात्र मोटर दुरुस्तीला घेऊन पळतात! झोपलेल्या बाळाला लावताना कप तिरका झाला, तर नळीचं तोंड औषधाबाहेर राहतं.

मेशमध्ये ही भानगड नाही. हजारो बारीक छिद्रांची जाळी थरथरते आणि औषध त्यातून बाहेर पडतं. कपात औषध कमी उरतं, बॅटरीवर चालतं. पण जाळी नाजूक. बुडेसोनाइडसारख्या गढूळ औषधानं ती तुंबू शकते, म्हणून चिठ्ठी दाखवून ‘हे यात चालतं का’ विचाराच.

बेळगावात राहत असाल, औषध रोजचं असेल, तर मी डोळे झाकून कंप्रेसर घेईन. कप-मास्क बदलणं सोपं. जांबोटी-कणकुंबीकडं पावसात झाड पडलं की लाईट गेलीच, तिथं मेशचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

त्याआधी डॉक्टरांना स्पेसरचंही, म्हणजे पंपाला (इनहेलरला) लावायच्या पोकळ नळकांड्याचंही, विचारा. दम्याच्या सौम्य-मध्यम धापेत स्पेसर लावून घेतलेला पंप नेब्युलायझरइतकाच काम करतो आणि त्याला लाईट लागत नाही. ‘पंपाची सवय लागते’ हे गल्लीतलं ज्ञान सोडून द्या. मात्र ओठ निळे पडले किंवा धापेनं वाक्य पुरं होईना, तर घरच्या कुठल्याच यंत्रावर विसंबून थांबू नका. थेट दवाखाना गाठा.