हॅम्बल्डन की हॅलटन?

इंग्लंडच्या खेड्यातला खेळ बघायला एकच दिवस हाताशी असेल, तर बहुतेक जण हॅम्पशायरमधलं हॅम्बल्डन सुचवतील. ते बरोबरच आहे. तिथल्या ब्रॉडहाफपेनी डाउन या माळावर अठराव्या शतकात हॅम्बल्डन क्लब क्रिकेट खेळायचा. १७७७ मध्ये याच क्लबने इंग्लंडच्या निवडक संघाला एक डाव आणि १६८ धावांनी लोळवलं होतं! समोर रस्त्यापलीकडे 'बॅट अँड बॉल' पब अजून उभा आहे. गवतावर बसून निवांत क्रिकेट बघावं, अशी ही जागा.

माझं मत मात्र लेस्टरशायरमधल्या हॅलटनला. ईस्टरच्या सोमवारी हॅलटन आणि शेजारचं मेडबर्न यांच्यात 'बॉटल किकिंग' रंगतं. नाव बाटलीचं, पण असतात छोटी लाकडी पिंपं. एकूण तीन, त्यातल्या दोघांत बिअर. प्रत्येक गावाने पिंप आपल्या हद्दीच्या ओढ्यापर्यंत न्यायचं, तीनपैकी दोन जिंकायची. संघात किती माणसं? येतील तेवढी. कुंपणं, चिखल, काटेरी झुडपं, सगळ्यांतून रेटारेटी चालते. मधूनच त्या गर्दीच्या गोळ्यातून वाफ निघते आणि पिंप कुठे आहे ते कुणालाच दिसत नाही. आधी सशाच्या मांसाचा 'पाय' (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) कापून गर्दीत उधळतात, तोही चुकवू नका.

हॅम्बल्डनला इतिहास समजतो, हॅलटनला तो अंगावर येतो. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर हॅम्बल्डनच बरं. नाहीतर गमबूट घाला आणि हॅलटन गाठा.