स्ट्रीट फायटर 6 चा ट्रेनिंग मोड, आठ महिने रोज वापरल्यावर

या मारामारीच्या गेमचे रिव्ह्यू भरपूर झालेत, ग्राफिक्स कसे, कॅरॅक्टर किती, ऑनलाइन कसं चालतं वगैरे, त्यामुळे ते मी परत लिहीत नाही. मला फक्त ट्रेनिंग मोडबद्दल, म्हणजे समोर डमी (नकली प्रतिस्पर्धी) उभा करून सराव करायच्या जागेबद्दल, बोलायचंय कारण गेले आठ महिने या गेममधला माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेलाय, आणि माझं खरं मत असं की कॅपकॉमने 2 जून 2023 ला जे काही बाजारात आणलं त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. पण ती कशी वापरायची हे कळायला मला तीन महिने लागले, म्हणून हे लिहितेय.

सुरुवातीला मी पण तेच केलं जे सगळे करतात. र्यू हे कॅरॅक्टर घेतलं, कॉम्बो ट्रायल्स (एकामागून एक जोडून मारायच्या फटक्यांचे धडे) उघडल्या, सोप्यापासून अवघड असं एकेक पार करत गेले. बोटं दुखेपर्यंत. दोन आठवड्यांत कोपऱ्यातला एक लांबलचक कॉम्बो हातात बसला, दहापैकी नऊ वेळा पडायचा, आणि मग रँक्डला (रँकसाठीच्या ऑनलाइन मॅचना) गेले तर लक्षात आलं की तो कॉम्बो सुरू करायची वेळच येत नाहीये. समोरचा उडी मारतोय, मी बघत राहतेय, मार खातेय. तो परत उडी मारतोय. कॉम्बो ट्रायल्स वाईट नाहीत, त्यांनी हात तयार होतो, पण मॅचमध्ये हरवणारी गोष्ट वेगळीच असते आणि ती ट्रायल्समध्ये सापडत नाही.

मला वळण लावलं ते फ्रेम मीटरने. गेम सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी, चालतो हे ठाऊक असतं सगळ्यांना, पण ते डोळ्यांनी दिसलं की डोक्यात शिरतं. स्क्रीनवर दोघांसाठी एकेक पट्टी असते, मूव्ह सुरू होतेय तोवर हिरवा, फटका चालू असताना लाल, हात परत येईपर्यंत निळा, आणि ज्याला लागलं किंवा ज्याने अडवलं त्याचा पिवळा. शेवटी कोण किती फ्रेमने आधी मोकळा झाला तो आकडा. पूर्वी हे सगळं वेगळ्या तक्त्यात बघावं लागायचं आणि तक्ता बघून मला तरी कधी काही कळलं नाही. इथे मी माझी एक लाडकी मूव्ह डमीला ब्लॉक करायला लावली तर मायनस 3 आलं. म्हणजे समोरचा माझ्या 3 फ्रेम आधी मोकळा होतो. मी त्यानंतर दरवेळी माझा सगळ्यात फास्ट जॅब (हलका ठोसा) दाबायचे, तो 4 फ्रेमचा, म्हणजे प्रत्यक्षात सातव्या फ्रेमला पोचणार, आणि समोरच्याचा 4 फ्रेमचा जॅब त्याच्या आधीच माझ्या तोंडावर. कित्येक आठवडे मला वाटत होतं की नेट स्लो आहे किंवा समोरचा फार भारी आहे. तसं काहीच नव्हतं, माझी मारायची वेळ संपलेली असताना मी बटण दाबत होते एवढंच.

इनपुट डिस्प्ले पण चालू ठेवा, कायम. कुठली दिशा किती फ्रेम धरली हे आकड्यासकट दिसतं. माझं असं व्हायचं की पुढे चालत असताना हाडोकेन (हातून सुटणारा ऊर्जेचा गोळा, म्हणजे फायरबॉल) मारायला जावं तर वर उसळून मारायचा ठोसा म्हणजे शोर्‍युकेन यायचं, आणि हवेत गेलं की समोरचा निवांत शिक्षा द्यायचा. मला वाटायचं कंट्रोलर खराब झालाय. डिस्प्लेवर बघितलं तर सरळ दिसत होतं, चालताना ‘पुढे’ धरलेलंच होतं आणि त्याला लागून खाली, खाली-पुढे, म्हणजे गेमच्या दृष्टीने मी शोर्‍युकेनच मागितलं होतं. आता चालणं सोडून अगदी क्षणभर थांबते, मग खाली. त्या एका गोष्टीचा रोज दहा मिनिटं सराव केला, डावीकडून पाच, उजवीकडून पाच, कारण एका बाजूने बसलेला हात दुसऱ्या बाजूने बसलेला नसतो. हे खूप लोक विसरतात.

आता मुख्य. डमीला शिकवायची सोय. आठ स्लॉट मिळतात, प्रत्येकात तुम्ही डमीच्या हालचाली रेकॉर्ड करायच्या आणि मग गेम त्यातली कुठलीही एक मध्येच चालवतो, कुठली किती वेळा यावी तेही ठरवता येतं. माझ्या मते बाकी सगळं काढून घेतलं आणि एवढं ठेवलं तरी हा मोड वापरण्यासारखा राहील.

ड्राइव्ह इम्पॅक्टचंच घ्या. 26 फ्रेमची मूव्ह आहे, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी, दोन फटके अंगावर झेलून पुढे येते, आणि पाठीमागे भिंत असेल तर ब्लॉक करूनही तुम्ही भिंतीवर आपटता. उलट इम्पॅक्ट मारला तर वाचता आणि वर संधी मिळते. मी एका स्लॉटमध्ये फक्त इम्पॅक्ट रेकॉर्ड केला आणि उलट मारायचा सराव केला. दहापैकी दहा! इतका आनंद झाला. मग रँक्डमध्ये दहापैकी दोन. विचार केला तेव्हा कळलं की ट्रेनिंगमध्ये मी दुसरं काहीच करत नव्हते, फक्त त्याचीच वाट बघत होते, आणि मॅचमध्ये माझं डोकं अंतर मोजण्यात, गेज (खास मूव्हसाठी लागणाऱ्या ताकदीची पट्टी) बघण्यात, पुढचं काय करू यात गुंतलेलं असतं. मग मी बाकीचे स्लॉट भरले: एकात नुसतं मागेपुढे चालणं, एकात फायरबॉल, एकात उडी, एकात ड्राइव्ह रश (झपकन पुढे धावणं) करून मारणं, एकात काहीच न करणं (हा स्लॉट महत्त्वाचा आहे, कारण उगाच बटण दाबायची सवय त्यानेच सुटते), आणि इम्पॅक्ट एकाच स्लॉटमध्ये. वर स्वतःला काम दिलं की मी पण नुसती उभी राहणार नाही, मीडियम किकने अंतर राखत राहणार. पहिल्या दिवशी इम्पॅक्ट दहापैकी तीनच पकडले. ते बघून बरं वाटलं, खरंच, कारण आता ट्रेनिंगमधला आकडा आणि मॅचमधला आकडा जुळायला लागला होता. महिन्याभराने सहा-सातवर आले, आणि मॅचमध्ये पण तेवढेच.

उडी मारणाऱ्याला शोर्‍युकेनने खाली पाडणं पण मी अशीच शिकले, त्याबद्दल वेगळं काही सांगायचं नाही.

रिव्हर्सल सेटिंग मात्र वेळ काढून बघा. डमी उठता उठता काय करेल, ब्लॉक केल्यावर काय करेल, मार खाऊन सावरल्यावर काय करेल हे तिन्ही वेगवेगळं ठरवता येतं. समोरचा खाली पडला की त्याच्यावर दबाव टाकायची माझी एक पद्धत होती, मला ती एकदम पक्की वाटायची. डमीला उठताच 4 फ्रेमचा जॅब मारायला लावला तर माझी पद्धत दर तिसऱ्या वेळी फुटत होती, आणि डमीला मागे सरकून उठायला लावलं तर मी हवेतच मारत होते. आमच्यासारख्या मधल्या रँकच्या खेळाडूंच्या बऱ्याच ‘पक्क्या’ गोष्टी अशा निघतील.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. मेनू खूप आहेत, टॅबमध्ये टॅब, नवीन माणूस आत गेला तर कुठून सुरू करू या विचारात बाहेर येईल. कॅरॅक्टर गाइड चांगले लिहिलेत, कुठली मूव्ह कशासाठी ते सांगतात, पण तुम्ही का हरताय ते कोणी सांगत नाही, तो प्रश्न तुम्हालाच घेऊन यावा लागतो. ज्या कॅरॅक्टरकडून हरलात ते तुम्हाला खेळता येत नसेल तर रेकॉर्ड करणं वेळखाऊ, मी धाकट्या भावाला दुसरा कंट्रोलर देऊन त्याच्याकडून करून घेते. आणि डमी घाबरत नाही. माणूस घाबरतो, चिडतो, लाइफची पट्टी संपत आली की वेड्यासारखं काहीतरी करतो, त्यासाठी मॅचच खेळावी लागते, त्याला पर्याय नाही.

म्हणून आता माझा क्रम असा आहे. आधी मॅच, तीन किंवा पाच, जास्त नाही. मग हरलेल्या एका मॅचचा रिप्ले, त्यात पण फ्रेम मीटर आणि इनपुट चालू करता येतं, आणि त्यातून एकच प्रसंग उचलायचा जिथे मी दोनदा तरी तसाच मार खाल्ला. तो प्रसंग स्लॉटमध्ये भरायचा आणि वीस मिनिटं फक्त तेवढंच. दोन प्रसंग घेतले की दोन्ही अर्धवट राहतात, हे मी करून बघितलंय. ट्रेनिंग करता करता मॅचची विनंती स्वीकारता येते ती सोय छान आहे, पण त्या वीस मिनिटांत मी ती बंद ठेवते, कारण हात बसायला लागला की नेमकी तेव्हाच मॅच लागते.

ज्यांना मित्रांबरोबर कधीतरी खेळायचंय त्यांनी इथे नाही आलं तरी चालेल, त्यांच्यासाठी मॉडर्न कंट्रोल (सोपी केलेली बटणं) आहेत, मजा येते. पण ज्यांना रँक्डमध्ये एकाच जागी अडकल्यासारखं वाटतंय त्यांनी नवीन कॅरॅक्टर घ्यायच्या आधी या मोडला दोन महिने द्या. मी सध्या परफेक्ट पॅरीवर (फटका अगदी नेमक्या क्षणी अडवणं) आहे, 2 फ्रेमची खिडकी, फायरबॉल दोन वेगवेगळ्या स्पीडने रेकॉर्ड केलेत आणि मध्ये एक रिकामा स्लॉट. आज सकाळी वीसपैकी सात जमल्या, मागच्या आठवड्यात चार होत्या.