‘परमिशनसकट बॅकअप’चे पैसे घेतले, परमिशन मात्र कधी घेतल्याच नाहीत

लिनक्स सर्व्हरची डिस्क गेली, बॅकअप परत चढवला, काम सुरू झालं. चौथ्या दिवशी ऑफिसात नवीन लागलेली मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, “सर, सगळ्यांच्या पगाराचं फोल्डर माझ्याकडे उघडतंय. ते बरोबर आहे का?” तिने सांगितलं म्हणून कळलं. तोवर आणखी कोणी काय काय वाचलं असेल, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

फाइलींची यादी काढून पाहिली. वरपासून खालपर्यंत प्रत्येक फाइलीची परमिशन, म्हणजे ती कोणी वाचायची, बदलायची, चालवायची याची परवानगी, ७५५: सगळ्यांना वाचता आणि चालवता येणारी. मालक रूट, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी युजर. पगाराची शीटसुद्धा एक्झिक्युटेबल! एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचा प्रोग्रॅम) प्रायव्हेट की, म्हणजे लॉगिनची गुप्त किल्ली, वापरायला नकार दिला, कारण ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येणारी) असायला हवी ती फाइल सगळ्यांना वाचता येत होती.

बॅकअपचं काम ज्याला दिलं होतं, त्याच्या कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: ‘जसंच्या तसं, परमिशनसकट’. दर महिन्याला रिपोर्ट यायचा. फाइलींची संख्या, साइझ, चेकसम, सगळं शंभर टक्के जुळलेलं. त्या रिपोर्टवर मी विसंबलो. चेकसम म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा; तो फक्त आतला मजकूर तपासतो. मालक, ग्रुप, परमिशन यांची नोंद फाइलीबाहेर, फाइल सिस्टिमकडे असते. रिपोर्टमधला एकही आकडा खोटा नव्हता आणि तरी मी फसलो.

बॅकअपची डिस्क विंडोजवरही चालावी म्हणून त्याने ती एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केली होती. एक्सफॅटमध्ये लिनक्सचे मालक आणि परमिशन लिहायला जागाच नसते. डिस्क माउंट करताना (सिस्टिमला जोडताना) ठरेल तेच सगळ्या फाइलींना सरसकट लागू होतं. सिम्बॉलिक लिंकही (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारे शॉर्टकट) तिथे टिकत नाहीत.

फोन केला तर म्हणतो, “अहो, विंडोज-लिनक्स म्हटलं की परमिशन जाणारच. रिकव्हरी करून देतो, चार्ज वेगळा पडेल.” ही दुसरी फसवणूक. जे डिस्कवर कधी लिहिलंच नाही, ते रिकव्हर कुठून करणार? अंदाजाने सीएचमॉड (परमिशन बदलायची कमांड) मारून बिल लावलं असतं.

आणि ‘जाणारच’ हेही खोटं. टार या प्रोग्रॅमने सगळ्या फाइलींचं एकच आर्काइव्ह केलं की मालक आणि परमिशन त्या एकाच फाइलीच्या आत बसतात. मग ती फाइल एक्सफॅटवर ठेवा नाहीतर विंडोजच्या एनटीएफएसवर. उघडताना मात्र रूट म्हणून उघडायची, नाहीतर सगळ्याचे मालक तुम्हीच होता. एसीएल (एकेका युजरला वेगळी परवानगी देणाऱ्या जादा याद्या) वापरत असाल तर ते वेगळे मागावे लागतात: आरसिंक या कॉपी करायच्या प्रोग्रॅमच्या नेहमीच्या आर्काइव्ह पर्यायात ते येत नाहीत. विंडोजकडून कॉपी करतानाही तेच, तिथल्या रोबोकॉपी कमांडला सिक्युरिटी (म्हणजे परवानग्या) कॉपी करायला सांगितलं नाही तर ती करत नाही.

त्याच डिस्कच्या एका कोपऱ्यात त्याची लॉग फाइल सापडली. पहिल्याच बॅकअपच्या तारखेची. ओळींमागून ओळी एकच एरर: मालक बदलता आला नाही, ऑपरेशन नॉट परमिटेड. म्हणजे पहिल्या दिवसापासून हे त्याच्या समोर होतं आणि तरी दर महिन्याला तो ‘शंभर टक्के’ लिहून पाठवत राहिला.

तुमचं काम कोणी करत असेल तर एक फोल्डर रिकाम्या मशीनवर तुमच्यासमोर रिस्टोअर करायला लावा, आणि मूळ यादीतले मालक-परमिशन शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवा. मी ते पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं. आता प्रत्येक फोल्डर कोणाचं होतं हे माणसांना विचारून हाताने लावतोय, आणि पगाराचं फोल्डर सगळ्यात आधी बंद केलंय.