सेकंड हँड कपड्यांवर काढलेले काही महिने: काय टिकलं, काय नाही

बरेच महिने झाले, मी नवा कपडा घेतलेला नाही. अंतर्वस्त्रं आणि मोजे सोडले तर जे घेतलं ते बहुतेक थ्रिफ्ट स्टोअरमधून, म्हणजे वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातून, आणि सगळं कुणीतरी आधी वापरलेलं. आता हे कपडे पुष्कळदा धुऊन झालेत, घामाने भिजलेत, इस्त्रीखालून गेलेत. त्यामुळे दुकानातल्या आरशात काय छान दिसत होतं ते सोडून शेवटी काय टिकलं ते सांगता येईल. माझं मत असं की कमी पैशात खरोखर छान राहता येतं, पण नजर ब्रँडवरून काढून कापडावर आणि शिवणीवर ठेवावी लागते. शिंप्याची मजुरीही पहिल्यापासून हिशेबात धरावी लागते.

रॅकसमोर गेले की मी आधी बघत नाही, हात फिरवत पुढे जाते. रंग आणि डिझाइन डोळ्यांना फसवतात, बोटांना फारसे फसवत नाहीत. लिनन किंचित खरखरीत आणि गार लागतं, धाग्यात मधूनमधून जाडी जाणवते. रेयॉन जड आणि ओघळता असतो. ॲक्रिलिकचा स्वेटर लांबून लोकरीचा वाटतो, पण मुठीत धरून सोडला की लोकरीसारखा उसळून वर येत नाही. हात थांबला की मगच हँगर बाहेर काढायचा. एवढ्यानेच रॅकमधले बहुतेक कपडे बाद होतात आणि वेळ वाचतो.

मग कपडा उजेडाकडे धरायचा. सुती शर्ट कॉलरच्या घडीवर, कोपरात आणि पाठीवर खांद्याच्या खाली विरतो. तिथून उजेड जास्त येत असेल तर शर्ट कितीही देखणा असो, दोन-चार धुण्यांत जाणार. कॉलरची फक्त घडी झिजली असेल आणि बाकी शर्ट घट्ट असेल, तर मात्र मी सोडत नाही. कॉलर उसवून, उलटवून परत बसवता येते. आतली न झिजलेली बाजू वर येते. हल्ली फार कमी लोक हे करून घेतात, पण जुन्या शिंप्याला नुसतं ‘कॉलर उलटवा’ म्हटलं की पुरतं. माझे सगळ्यात जास्त वापरले गेलेले दोन शर्ट असेच आहेत.

लेबल कापलेलं असेल तर घरी आणल्यावर आतल्या शिवणीतला एखादा धागा काढून चिमट्यात धरून, सिंकवर जाळून पाहते. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. लोकर आणि रेशीम जळक्या केसांसारखा वास देतात आणि ज्योत दूर केली की विझू लागतात. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. हे एवढ्यासाठी की धुवायचं कसं ते यावरच ठरतं. सुती कापड ओलं झाल्यावर उलट मजबूत होतं, तर व्हिस्कोस रेयॉन ओला असताना बराच कमजोर होतो. रेयॉनचा ड्रेस पिळला की शिवणीपाशी फाटतो आणि दोष उगाच दुकानाला जातो.

आता शिवण. कपडा उलटा केल्याशिवाय मी विकत घेत नाही. आत दाब (शिवणीपलीकडे सोडलेलं जास्तीचं कापड) किती सोडलाय, टीप सरळ आहे का, काजाचे दोरे सुटलेत का, हे बघायला मिनिटभर लागतं. चौकडीचा शर्ट असेल तर खिशावरची चौकट अंगावरच्या चौकटीशी जुळते का पाहा. ती जुळवायला कापड जास्त लागतं, म्हणून स्वस्तात उरकलेल्या शर्टात ती बहुधा जुळत नाही. कोटाच्या बाबतीत बटणाच्या काजाखाली पुढचं कापड आणि आतलं कापड चिमटीत धरून हलकेच वेगळं करून बघायचं. मध्ये आणखी एक सुटा थर हलताना जाणवला तर आत कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारं शिवलेलं अस्तर आहे. सगळं एकजीव लागलं तर त्याच कामासाठी चिकटवलेलं बकरम आहे. चिकटवलेलंही चालतं, पण त्यावर कुठे बुडबुडे आलेले दिसले तर कोट परत रॅकवर. ते इस्त्रीने कायमचे बसत नाहीत. चेन दोन-तीनदा वरखाली करायची. तिच्यावर वायकेके (YKK, चेन बनवणारी जपानी कंपनी) लिहिलेलं असलं म्हणून कपडा उत्तम ठरत नाही, पण निदान चेन दगा देण्याची शक्यता कमी.

जुनेपणाची किंमत लावणारी दुकानं वेगळी. तिथे लेबलं वाचता आली तर बरं. लीव्हाइसच्या जीन्सच्या मागच्या खिशावरच्या लाल पट्टीवरच्या नावात मोठा ‘ई’ (E) असेल तर ती साधारण 1971 च्या आधीची. त्यानंतर तो लहान (e) झाला. मात्र कंपनीने पुढे जुन्या धर्तीवर काढलेल्या जीन्सवरही मोठा ‘ई’ येतो, तेव्हा एवढ्यावर भरवसा नको. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांची पट्टी 1972 पासून बंधनकारक झाली, म्हणून तिथल्या कपड्यात ती मुळातच शिवलेली नसेल तर तो त्याआधीचा असू शकतो. छान दिसण्याशी याचा काडीचा संबंध नाही. दुकानदार याच गोष्टी सांगून भाव चढवतात, म्हणून माहिती असलेली बरी. मी या नादाला लागत नाही.

साइझच्या आकड्याकडे तर मी आता बघतही नाही. अमेरिकेत बायकांच्या तयार कपड्यांसाठी 1958 साली सरकारी मापं ठरली होती, 1983 मध्ये ती मागे घेतली गेली आणि कंपन्यांनी आपापल्या सोयीने आकडे लावले. त्यामुळे जुन्या कपड्यावरचा बारा आजच्या बारापेक्षा बराच लहान निघतो. घरातल्या नीट बसणाऱ्या शर्टाचं आणि पँटचं माप घेऊन फोनमध्ये लिहून ठेवलंय: खांदा ते खांदा, काखेखालची रुंदी, कंबर, पायाची आतली उंची. पर्समध्ये टेप असते. पुरुषांच्या विभागातले शर्ट आणि ब्लेझर मला अनेकदा जास्त आवडले, आणि तिथे आकड्यांवर अवलंबून राहून चालतच नाही.

खांदा बसला पाहिजे, हा एक नियम मी मोडत नाही. कंबर आत घेता येते, बाही आणि उंची कमी करता येते, पँटला मागच्या शिवणीत दाब असेल तर ती थोडी सैलही होते. खांदा आणि मुंढा दुरुस्त करायचा म्हणजे कोट अर्धा उसवायचा; शिंपी मजुरी सांगतो तेव्हा नवा घेतलेला परवडला असं वाटतं. पँट लांब करायची असेल तर आधी जुनी दुमड उलगडून बघायची. डेनिमवर तिथे फिकट रेघ उरते आणि ती जात नाही. बाहीच्या टोकाला खरी उघडणारी काजं असलेला ब्लेझर खालून आखूड करता येत नाही, वरून करावा लागतो, आणि ते काम महाग. म्हणून मी दुकानातच हिशेब करते: कपड्याची किंमत, त्यात धुणं, त्यात शिंपी. हे तिन्ही मिळून नव्या चांगल्या कपड्याच्या निम्म्याच्या वर गेलं तर ठेवून देते.

बोस्टनमध्ये 1902 साली एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने गुडविल या वापरलेल्या वस्तू विकणाऱ्या संस्थेचं काम सुरू केलं, तेव्हा दान आलेले कपडे गरजू लोकांकडूनच दुरुस्त करून घेऊन मग विकले जात. आता दुरुस्ती बहुतेक ठिकाणी घेणाऱ्यावरच येते. ज्याला हे मान्य नाही त्याला थ्रिफ्ट स्टोअर स्वस्त पडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

धुण्याबद्दल. आणलेला कपडा थेट कपाटात जात नाही. जे सोसेल ते 60 अंशांच्या पाण्यात; ढेकूण आणि त्यांची अंडी या तापमानाला मरतात. लोकरीला हे चालत नाही. लोकरीवरची कसर तिच्यातलं केराटिन नावाचं प्रथिन खाऊन जगते, म्हणून स्वेटर पिशवीत घट्ट बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवते आणि मग गार पाण्यात हाताने धुते. कुबट वास पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून आणि वाऱ्यावर टाकून बहुतेक जातो. सिगारेटचा आणि डांबरगोळ्यांचा चिवट असतो, हवा देतच राहावी लागते. काखेतले पिवळे डाग घाम आणि डिओडरंटमधलं ॲल्युमिनियम यांच्या मिलाफाने पडतात. त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर ते आणखी पिवळे होतात. ऑक्सिजन ब्लीचमध्ये रात्रभर भिजवलं तर सुती कापडावरचे बरेच फिके होतात. काखेतलं कापड कडक झालं असेल तर मात्र प्रयत्न करू नका.

इतक्या वापरानंतर माझ्याकडे सगळ्यात चांगल्या अवस्थेत आहेत ते लोकरीचे कोट आणि लिननचे शर्ट. लिनन तर धुऊन धुऊन सुधारलंय. जाड सुती जीन्स, ज्यात ताणणारा धागा नाही, ती जशी आणली तशी आहे. इलास्टेन असलेल्या पँटी गुडघ्यात पोक काढतात. उष्णता आणि घाम यांनी तो धागा मरतो, आणि आधीच्या मालकाने ड्रायरमध्ये किती भाजलाय ते बाहेरून कळत नाही. पारदर्शक धाग्यांचे बारीक केसाळ तुकडे शिवणीपाशी डोकावत असतील तर तो मेलाय असं समजा.

लेदरसारखी दिसणारी जॅकेटं मी हातातही घेत नाही. एका मैत्रिणीने अगदी नव्यासारखं दिसणारं घेतलं. एका ऋतूत त्याच्या कॉलरचे पापुद्रे तिच्या मानेवर. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणानेच हळूहळू तुटत जातो, जॅकेट वापरा किंवा नुसतं टांगून ठेवा. जुन्या स्पोर्ट्स शूजच्या तळव्यांचंही तेच होतं.

रंगांचं एक सांगायचं राहिलं. एवढ्या विस्कळीत रॅकमधून घेतलेले कपडे एकमेकांना शोभावेत म्हणून मी ठरावीक तीन-चार रंगांच्या बाहेर जात नाही. यामुळे कधी झकास मोहरी रंगाचा कोट सोडावा लागतो आणि जीव हळहळतो. पण घरी असलेल्या निदान तीन कपड्यांबरोबर जात नसेल तर तो स्वस्त असूनही महागच.

ऑनलाइन सेकंड हँडही घेऊन पाहिलं. तिथे हात फिरवता येत नाही, म्हणून लिनन, शुद्ध लोकर, शंभर टक्के सुती असं लेबलच्या फोटोसकट लिहिलेलं असेल तेवढंच घेते, आणि मापं सेंटिमीटरमध्ये विचारते. काखेचा आणि आतल्या शिवणीचा फोटो दिलेला नसतो, तो मागायचा. मागूनही आला नाही तर तेच उत्तर.