इंडिजिनस कॅनडा: आईसोबत करतोय तो ऑनलाइन कोर्स

कॅनडातल्या मूलनिवासी लोकांबद्दलचा, तिथल्या अल्बर्टा विद्यापीठाचा हा कोर्स कोर्सेरा या शिकण्याच्या साइटवर आहे, एकूण १२ भाग, मी पैसे न भरता करतोय, सर्टिफिकेट नको होतं. जेवणं झाली की वारज्यातल्या आमच्या हॉलमध्ये लॅपटॉप लावतो, आई लसूण सोलत शेजारी बसते आणि मी थांबवून थांबवून तिला मराठीत सांगतो.

पहिले ४ भाग चांगलेच आहेत, फरचा व्यापार, करारमदार वगैरे, पण मी कोर्स घेतला तो पाचव्यासाठी. कॅनडात सरकार आणि चर्च मिळून मूलनिवासी पोरांना घरातून नेऊन निवासी शाळांत ठेवायचे, सुमारे १,५०,००० मुलं, केस कापायचे, स्वतःच्या भाषेत बोललं की मारायचे, कित्येकांना नावाऐवजी नंबर. नंबरचं सांगितलं तशी आई उठली आणि मांडणीवरचं जुनं ताट घेऊन आली. जुन्नरकडच्या तिच्या आश्रमशाळेतलं, मागं खिळ्यानं ठोकून ४२ लिहिलेलं. लहानपणापासून मी त्यात जेवलोय, ४२ म्हणजे काय ते कधी विचारलंच नाही. म्हणाली, दिवाळीच्या सुट्टीत बाबा न्यायला आले आणि मी ओळखलंच नाही रे, दाराआड लपले. ६ वर्षांची होती. मला हे वयाच्या ३४ व्या वर्षी कळतंय.

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत बरं का. आईला आजोबांनी स्वतःहून पाठवलं, शिकली म्हणून नर्स झाली, शाळेचं नाव ती आजही आदरानं घेते. तिकडं १९२० ला कायद्यानंच सक्ती केली होती. पण आईबापाविना वाढलेलं पोर पुढं स्वतः आईबाप झालं की काय होतं, तिथं आम्ही दोघंही गप्प झालो. तिकडं जवळ घेणं म्हणजे काय हेच ज्यांनी पाहिलं नाही ते आपल्या लेकरांशी कडक वागले, काहीजण दारूत गेले, आणि पोरांना आपल्यासारखा मार बसू नये म्हणून कित्येकांनी घरातली भाषाच शिकवली नाही. आता नातवंडं तीच भाषा म्हाताऱ्या माणसांकडं बसून परत शिकतायत.

घरं कशी सावरली ह्यावर मला अजून हवं होतं म्हणून मग इकडचं तिकडचं वाचत गेलो. ह्या निवासी शाळांत काय झालं ते ऐकून घेणाऱ्या तिथल्या सत्य आणि समेट आयोगाचं काम २००८ ते २०१५ चाललं, त्याच्यापुढं ६,५०० हून जास्त लोक बोलले, आणि त्या कार्यक्रमांत डोळे पुसलेले टिश्यू कचऱ्यात टाकत नव्हते, गोळा करून पवित्र अग्नीत वाहायचे. हे सांगितलं तर आई लसणाची ताटली बाजूला ठेवून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

इंग्रजी सोपं आहे, आणि भागांसाठी मेटिस (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचा तिथला समाज) चित्रकार लिआ डोरियन यांनी काढलेली चित्रं फार सुंदर आहेत. वसतिगृहात, आश्रमशाळेत काम करणाऱ्यांनी पाचवा भाग तरी बघाच, पण एकट्यानं नको, घरातलं कुणीतरी सोबत घ्या.

आमचे अजून ७ भाग राहिलेत. आई म्हणते, आधी पाचवाच परत लाव.