बडोद्यात निसर्ग मंडळाचं काम करायचंय? आधी हे वाचा

बडोद्याच्या निसर्ग मंडळांकडे येणाऱ्या नव्या माणसाला बहुतेक वेळा साप धरायला शिकायचं असतं, नाहीतर विश्वामित्री नदीतली मगर जवळून पाहायची असते. मंडळाने त्याच्या हातात आधी वही आणि पेन दिलं, तर मंडळ चांगलं आहे असं खुशाल समजावं. पहिल्याच रविवारी सापाची काठी दिली, तर तिथून निघावं. शहरात मिळणाऱ्या स्वयंसेवेच्या कामांचा हा आढावा त्याच अंगाने आहे: कुठलं काम खरोखर उपयोगी पडतं, ते कसं करतात, कुठे बिघडतं.

सगळ्यात जास्त हात लागतात ते जानेवारीत. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, १४ तारखेला, वासी उत्तरायण १५ला. गुजरात सरकारचं करुणा अभियान २०१७पासून दर वर्षी १० ते २० जानेवारीला चालतं. वन खातं, पशुवैद्य आणि स्वयंसेवी संस्था मिळून मांज्याने कापलेले पक्षी उचलतात आणि उपचार करतात. जखमी पक्षी दिसला की १९६२ वर फोन करायचा, एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. पक्षी कापले जातात ते मुख्यतः दोन वेळा, सकाळी रातथाऱ्यावरून (रात्री बसायच्या झाडांवरून) निघताना आणि संध्याकाळी परतताना. म्हणून पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास पतंग उडवू नका असं आवाहन दर वर्षी होतं. दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या गच्च्यांवर ते फारसं कोणी ऐकत नाही, हेही दर वर्षी दिसतं. सापडणाऱ्यांत पारवे सर्वांत जास्त, मग घारी, शराटी, बगळे, पोपट आणि रात्री निघणारी घुबडं.

जखमी पक्ष्यांच्या उपचार केंद्रावर पाच प्रकारची कामं असतात: फोन घेणं, पक्षी आणणं, आवक नोंदवणं, डॉक्टरांना मदत, आणि पिंजऱ्यांची निगा. पहिल्या वर्षी आवक नोंदवण्याचं टेबल मागून घ्यावं. दिसायला कारकुनी काम, पण पक्ष्याचं पुढचं सगळं त्यावर ठरतं. प्रत्येक खोक्यावर चार गोष्टी हव्यात: जात (ठाऊक नसेल तर नुसतं वर्णन), कुठे सापडला, किती वाजता, आणि आणताना कुठला पंख किंवा पाय लोंबत होता. 'कुठे सापडला' यात 'मांजलपूर' एवढं लिहून भागत नाही, सोसायटीचं किंवा चौकाचं नाव लागतं. बरा झालेला पक्षी शक्यतो त्याच्याच भागात सोडायचा असतो. चिठ्ठी हरवली की तो भलत्याच ठिकाणी सुटतो, जिथे त्याला ना थारा माहीत असतो ना पाणी.

पक्षी आणायला जाणाऱ्याने बरोबर काय न्यावं? बाजूंना भोकं पाडलेली पुठ्ठ्याची दोन-तीन खोकी, जुना सुती टॉवेल, बोथट टोकाची कात्री, हातमोजे, मास्क आणि साधा चष्मा. पारव्याला बुटाचं खोकं पुरतं, घारीला निदान दोन फूट लांबीचं लागतं. बगळा किंवा शराटी असेल तर उभं राहता येईल असं उंच खोकं घ्यावं, कारण लांब पाय तासन्‌तास दुमडून ठेवले तर त्यांतलं बळ जातं. तळाशी वर्तमानपत्र किंवा सुती कापड घालावं. कापूस नको, तो नखांत आणि जखमेत अडकतो. एका खोक्यात एकच पक्षी.

पक्ष्यावर अलगद टॉवेल टाकून डोकं झाकायचं. अंधार झाला की त्याची धडपड बरीच कमी होते. मग दोन्ही पंख अंगाशी मिटवून धरायचे. छाती मात्र आवळायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा) नसतं, श्वास घ्यायला छातीचं हाड पुढे-मागे हलावंच लागतं. घाबरून घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरतो आणि लोकांना वाटतं, जखमेने गेला. घार असेल तर आधी पाय ताब्यात घ्यायचे, तिची चोच नंतर. बगळ्याच्या बाबतीत उलट, तो थेट डोळ्यावर वार करतो. चष्मा त्यासाठी.

जखमेत रुतलेला मांजा ओढून काढायचा नाही, ही सर्वांत महत्त्वाची सूचना आणि सर्वांत जास्त मोडली जाणारीही. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक पातळ पडदा असतो, दोरा बहुधा तिथेच बसतो. ओढला की पडदा आणि आतला स्नायूबंध दोन्ही फाटतात. दोऱ्याची दोन्ही टोकं तीन-चार इंच शिल्लक ठेवून कापावीत, बाकी डॉक्टरांवर सोडावं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाने दोन-तीन मिनिटं हलका दाब द्यावा. हळद भरायची नाही. जखम किती खोल आहे ते मग दिसत नाही आणि धुण्यात वेळ जातो.

आणि पाणी पाजायचं नाही. गच्चीवरचे काका कळवळून बाटलीच्या झाकणाने चोचीत पाणी ओततात, हेतू चांगलाच असतो. पण पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, बेशुद्धीच्या काठावरच्या पक्ष्याचं पाणी सरळ फुप्फुसात उतरतं. त्याला त्या वेळी हवी असते ऊब, अंधार आणि शांतता. जानेवारीच्या रात्री गार असतात. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे उकडलं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येतं. रात्रभर घरी ठेवून 'सकाळी बघू' म्हणू नये. बहुतेक जंगली पक्ष्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते घरी बाळगता येत नाहीत.

केंद्रावर बिघडतं ते गर्दीमुळे. १४च्या संध्याकाळी स्वयंसेवकांना उभं राहायला जागा नसते, प्रत्येकाला फोटो हवा असतो, लहान मुलांना खोक्यात डोकावून दाखवलं जातं. घाबरलेल्या पक्ष्याला तेवढा धक्काही पुरतो. १७ तारखेला मात्र पिंजरे धुवायला आणि औषधांच्या वेळा सांभाळायला माणूस मिळत नाही, आणि भरती झालेले पक्षी तर तेव्हा सगळ्यात जास्त असतात. ज्याला मनापासून मदत करायची आहे त्याने १६ ते २० या तारखा द्याव्यात. ऊंधियू-जिलेबीही मग निवांत खाता येते.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, आणि आमच्या मते वर्षातलं सगळ्यात मोलाचं: लटकलेला मांजा काढणं. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो. सुती दोरा पावसापाण्यात कुजून तुटतो, नायलॉन झाडावर महिनोन्‌महिने तसाच राहतो. एप्रिलमध्ये घरट्यासाठी काड्या नेणाऱ्या पक्ष्याच्या पायात तोच गुंततो. त्यामुळे फेब्रुवारीअखेरपर्यंत दर रविवारी गल्ली वाटून घेऊन मांजा काढणारं मंडळ दिसलं तर लगेच नाव घालावं.

लांब बांबूला वर आकडा बांधतात, दोरा त्यावर पीळ देत गुंडाळतात आणि मग खाली घेतात. सरळ ओढला तर फांदी मोडते किंवा दोरा मध्येच तुटून उंचावर अडकतो. सर्वांत आधी रातथाऱ्याची झाडं घ्यावीत, त्यांच्या खाली विष्ठेचा पांढरा सडा असतो, तीच ओळख. कमाटी बागेसारख्या (सयाजी बागेसारख्या) सार्वजनिक जागी आधी परवानगी घ्यावी. विजेच्या तारेजवळच्या दोऱ्याला बांबू, काठी, काहीही लावायचं नाही. वीज कंपनीला पत्ता कळवायचा. गोळा झालेला दोरा जाळू नये, नायलॉनचा धूर वाईट. तो बोटाएवढ्या तुकड्यांत कापून, पिशवी बांधून कचऱ्यात द्यावा. अख्खी गुंडाळी टाकली तर उकिरड्यावर गाईच्या किंवा बगळ्याच्या पायात पुन्हा तेच.

पाणपक्षी गणनेला वेगळा स्वभाव लागतो. डभोईच्या पुढचा वढवाणा तलाव बडोदा संस्थानाने १९०९-१०च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधला, २०२१मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. मध्य आशियातून येणारे ग्रेलॅग आणि बार-हेडेड गूज हे हंस, थापट्या आणि पोचार्ड ही बदकं, चांदवे यांचे मोठे थवे इथे हिवाळा काढतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते, आणि तिच्यात इथली नोंद जाण्यासाठी डोळ्यांपेक्षा शिस्त जास्त लागते.

तुकडी तिघांची असावी: एक दुर्बिणीतून बघणारा, एक आकडा बोलणारा, एक लिहिणारा. एकच माणूस तिन्ही करू गेला की वहीकडे बघताना थवा हलतो. तलावाचे भाग पाडून ठरलेल्या जागेवरून मोजायचं, सूर्य पाठीशी ठेवून. समोर असेल तर सगळी बदकं काळी दिसतात. सूर्योदयाला सुरुवात करावी, कारण दहानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांबच्या बदकांची डोकी ओळखता येत नाहीत. मोठ्या थव्यात एकेक मोजत बसायचं नसतं. आधी पन्नास पक्षी नीट मोजावेत, ते केवढी जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवावं, मग तेवढे तेवढे घास घेत थवा पुरा करावा. नवखे लोक दाट थवा कमीच मोजतात. उपाय एकच, सरावाला फोटो घेऊन अंदाज लिहायचा आणि घरी फोटोतले ठिपके मोजून पडताळायचा.

दुहेरी मोजणी होते ती ससाणा किंवा भोवत्या यांसारखा शिकारी पक्षी फिरला की, किंवा कोणी बांधावरून खाली उतरला की. थवा उठला तर वेळ, दिशा आणि अंदाजे आकडा लिहून शेजारच्या तुकडीला लगेच फोनवर कळवायचं. गवतात लपलेल्या चांदव्यांचा आणि पाणकोंबड्यांचा आकडा नेहमीच कमी येतो, तो मनाने वाढवायचा नाही. दिसले तेवढेच लिहायचे आणि शेरा द्यायचा. ओळख पक्की नसेल तर 'पोचार्ड, जात अनिश्चित' ही नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी चांगली. स्वतःची दुर्बीण घ्यायची तर ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्यावी. १० बाय ५० जड असते, तासाभरात हात थरथरतो. कपडे मातकट रंगाचे, आणि बांधावर गाण्याचा स्पीकर आणणाऱ्याला पुन्हा बोलावू नये.

साप आणि मगरीचे फोन वन खात्याच्या देखरेखीखालीच घ्यायचे असतात. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, आणि नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांच्यापैकी कोणताही साप व्हिडिओ बघून धरायचा नसतो. ऑगस्ट २०२४च्या पुरात मगरी वस्तीत आल्या तेव्हा खरी अडचण झाली ती मोबाईल घेऊन पुढे सरकणाऱ्या गर्दीची. नव्या स्वयंसेवकाचं काम इथे दोरी धरून लोकांना लांब ठेवणं, मुलं आणि कुत्री आत नेणं, प्राणी कुठे दडला त्यावरून नजर न काढणं. ज्या मंडळाच्या पानावर गळ्यात साप घातलेले फोटो आहेत, त्याच्या वाटेला जाऊ नये.

झाडं लावण्याच्या कार्यक्रमांबद्दल थोडक्यात: जुलैत रोप लावणारे भरपूर, पुढच्या एप्रिलमध्ये पाणी घालणारे कुठे आहेत ते विचारा. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा, काठी, कुंपण आणि निदान दोन उन्हाळे पाणी, एवढी सोय नसेल तर रविवार वाया जातो. कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडाची रोपं वाटत असतील तर सरळ नाही म्हणावं, गुजरात वन खात्याने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. नदीकाठाला अर्जुन, करंज, उंबर शोभतात आणि टिकतात.

नाव घालण्याआधी मंडळाला तीन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षीच्या नोंदी कुठे पाठवल्या? पक्षी हाताळण्याआधी प्रशिक्षण कोण देतं, पशुवैद्य की जुना सभासद? स्वयंसेवकाला चावा-ओरखडा झाला तर काय करता? तिसऱ्याला लोक गोंधळतात. नीट उत्तर असं: जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुणं, नोंद करणं, त्याच दिवशी डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेतलेलं असावं.

नोंदणी दिवाळीनंतर लगेच करावी. उत्तरायणाचं प्रशिक्षण जानेवारी लागायच्या आधी उरकतं, आणि त्याला न आलेल्या माणसाच्या हाती चांगलं मंडळ पक्षी देत नाही. त्याला फोनवर किंवा खोकी जोडायला बसवतात. तेही काम घ्यावं, कारण १४च्या रात्री दहा वाजता खोकी संपलेली असतात.